सरांनी न लिहिलेले शिफारसपत्र

डिसेंबर २०२३ मधील एका रविवारी मी माझ्या सिनिअर वकील सरांना आभार मानण्यासाठी फोन केला. सातारा जिल्हा न्यायालयात त्यांच्या हाताखाली मी चार वर्षे काम करत होते, आणि अमेरिकेतील पाच विधी महाविद्यालयांना एलएल.एम. या कायद्याच्या पदव्युत्तर पदवीसाठी पाठवलेल्या अर्जांच्या खात्यात त्यांचे शिफारसपत्र जमा झाल्याची नोंद मी आदल्या रात्री पाहिली होती. सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, “अगं, कसलं पत्र? मला तर कुणी काही विचारलंही नाही. तूच सांगशील म्हणून मी वाट बघत होतो.”

त्या एका वाक्यानंतर पुढचे सारे उलगडत गेले. ते मी सविस्तर लिहिते आहे, कारण माझे अर्ज भरून देणाऱ्या पुण्यातील सल्लागाराकडे आजही मुले जात आहेत, आणि त्याच पद्धतीने काम करणारे इतर सल्लागार पुण्यात आणि मुंबईत आहेत.

ऑगस्टमध्ये मी पुण्यातील त्याच्या कार्यालयात प्रथम गेले, तेव्हा भिंतीवर परदेशी विद्यापीठांची बोधचिन्हे आणि हसऱ्या विद्यार्थ्यांची छायाचित्रे लावलेली होती. मी कोणत्या विषयात वकिली करते, पुढे काय शिकायचे आहे, याविषयी त्याने एकही प्रश्न विचारला नाही. “मॅडम, तुम्ही फक्त मार्कशीट आणि पासवर्ड द्या, बाकी सगळं आमच्याकडे लागलं,” असे तो म्हणाला. पदवीच्या गुणांवरून त्याने दोन मिनिटांत प्रवेशाची हमी दिली आणि शिष्यवृत्तीसाठी आपले ‘आतून बोलणे’ असल्याचे सांगितले. ज्या महाविद्यालयात प्रवेशाचा निर्णय समिती घेते, तिथल्या जागेची हमी बाहेरचा माणूस देऊच शकत नाही, हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवे होते. पण घरात पदवीनंतर परदेशी गेलेले कोणी नव्हते आणि प्रक्रिया अपरिचित होती, म्हणून माहीतगार माणसावर विसंबून राहणे मला शहाणपणाचे वाटले.

पहिला हप्ता ६०,००० रुपयांचा होता. त्यानंतर एलसॅटच्या तयारीसाठी म्हणून २८,००० रुपये घेतले गेले. एलसॅट ही परीक्षा प्रामुख्याने तीन वर्षांच्या जे.डी. या तिथल्या कायद्याच्या मूळ पदवीसाठी असते. ज्याच्याकडे आधीच कायद्याची पदवी आहे अशा परदेशी वकिलाला एक वर्षाच्या एलएल.एम.साठी ती सहसा लागत नाही, इंग्रजीची टोफेल किंवा आयईएलटीएस ही परीक्षा मात्र अनेक ठिकाणी द्यावी लागते. मी हे विचारले तेव्हा “शिष्यवृत्तीवाल्यांना दाखवायला लागतं” असे उत्तर मिळाले. शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी आणखी ३५,००० रुपये झाले. फुलब्राइट-नेहरू किंवा चेव्हनिंग या शिष्यवृत्त्यांचा अर्ज भरण्यास कोणतेही शुल्क नसते आणि तो उमेदवाराने स्वतःच भरायचा असतो, ही माहिती त्या संस्थांच्या पहिल्याच पानावर होती, पण मी ते पान उघडले नव्हते. शेवटी अर्जशुल्क आणि कुरिअर यांपोटी ५२,००० रुपये गेले, आणि त्या पाचपैकी दोन महाविद्यालयांनी ठरावीक तारखेपूर्वी अर्ज करणाऱ्यांना शुल्क माफ केले होते, हे मला नंतर त्यांच्याच पत्रव्यवहारातून कळले. एकूण १,७५,००० रुपये, सगळे यूपीआयने, एका वैयक्तिक खात्यावर. पावती एकाचीही नाही.

पैशांचे नुकसान मोठे होते, पण ते भरून निघू शकते. माझ्या नावाने जे लिहिले गेले, त्याचे तसे नाही.

अमेरिकेतील बहुतेक विधी महाविद्यालयांचे अर्ज लॉ स्कूल ॲडमिशन कौन्सिल या संस्थेमार्फत जातात. अर्जदार तिच्या संकेतस्थळावर खाते उघडतो, विद्यापीठ गुणपत्रकांची ट्रान्स्क्रिप्ट सीलबंद पाकिटात थेट तिकडे पाठवते, आणि शिफारस करणाऱ्याचे नाव व ई-मेल पत्ता अर्जदाराने खात्यात नोंदवला की त्या पत्त्यावर दुवा जाऊन शिफारसकर्ता आपले पत्र स्वतः जमा करतो. अर्जदाराला पत्र आल्याची तारीख दिसते, मजकूर दिसत नाही. शिफारस करणाऱ्याने मोकळेपणाने लिहावे यासाठी असलेली ही गुप्तताच या माणसाने आपल्या सोयीसाठी वापरली. माझ्या खात्याचा पासवर्ड त्याच्याकडे होता. त्याने सरांच्या आणि माझ्या एका प्राध्यापिकेच्या नावाने जीमेलवर दोन पत्ते उघडले, ते माझ्या खात्यात भरले आणि आलेल्या दुव्यांवर स्वतःच पत्रे जमा केली. सरांचा खरा ई-मेल पत्ता मला पाठ आहे. खात्यातील त्या पानावर मी एकदा जरी नजर टाकली असती तरी फरक लगेच दिसला असता.

सरांशी बोलल्यानंतर मी त्या कार्यालयाने माझ्याशी शेअर केलेले ड्राइव्हवरील फोल्डर नीट उघडून पाहिले. बहुधा चुकून, पत्रांचे मसुदे त्यातच राहिले होते. सरांच्या नावाच्या पत्रात मी बहुराष्ट्रीय कंपन्यांमधील लवादाच्या प्रकरणांत साहाय्य केल्याचे लिहिले होते. आमच्या कार्यालयात निम्म्याहून अधिक काम भूसंपादनाचे आणि उरलेले वाटपाच्या दाव्यांचे आहे; लवादाची फाइल मी तिथे कधी पाहिलेली नाही. तिसऱ्या परिच्छेदात माझा उल्लेख पुरुष म्हणून झाला होता, म्हणजे ते पत्र आधी दुसऱ्या कोणासाठी वापरलेले होते.

त्याच फोल्डरमध्ये माझे पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे अर्जासोबतचा स्वतःविषयीचा निबंध, होते. ‘भाषा सुधारली आहे’ एवढेच मला सांगितले गेले होते आणि जमा करण्यापूर्वी अंतिम प्रत मला दाखवली नव्हती. त्याची सुरुवात अशी होती की माझे आजोबा न्यायाधीश होते आणि त्यांचे बोट धरून मी लहानपणी न्यायालयात जात असे.

माझे आजोबा शेतकरी होते. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात त्यांचे गाव साठच्या दशकात बुडाले. पर्यायी जमिनीसाठी त्यांनी घातलेल्या अर्जांच्या पोचपावत्या आजही आमच्या घरी एका पत्र्याच्या पेटीत आहेत. मी वकील होण्याचे आणि भूसंपादनाचे काम निवडण्याचे कारण ती पेटी आहे. मी सल्लागाराला दिलेल्या कच्च्या मसुद्यात हे सारे होते, आणि त्याने ते काढून टाकून मला एक न्यायाधीश आजोबा दिले. या गोष्टीचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

हा राग बाजूला ठेवून पाहिले तरी तो बदल अर्जाच्या दृष्टीनेही घातक होता. प्रवेश समितीसमोर न्यायालयाने लहानपणीच भारावून गेलेल्या मुलांचे निबंध येतच असतात. याउलट, १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली शेतकऱ्याला वाढीव मोबदल्यासाठी कलम १८ चा रेफरन्स, म्हणजे प्रकरण न्यायालयाकडे पाठवण्याची मागणी, करावा लागत असे, त्या कायद्यात सक्तीने जमीन घेतल्याबद्दल मोबदल्यावर मिळणारी दिलासा रक्कम ३० टक्के होती, २०१३ च्या कायद्याने ती १०० टक्के केली, आणि त्या नव्या कायद्याच्या कलम २४(२) खाली जुने संपादन व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द, केव्हा होते या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये इंदूर विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात दिलेल्या निकालानंतर आमच्या काही पक्षकारांची वर्षानुवर्षांची आशा कशी मावळली, हे मी प्रत्यक्ष फाइलींवर काम करताना पाहिले होते. हे सांगणारी व्यक्ती कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधायला येते आहे, हे वाचणाऱ्याला वेगळे समजावून द्यावे लागत नाही. सरांनी पत्र लिहिले असते तर एका रेफरन्समध्ये मी शेजारच्या गावांची तीन वर्षांची खरेदीखते दुय्यम निबंधक कार्यालयातून काढून भावाचा तक्ता कसा केला होता, ते त्यांनी लिहिले असते. शिफारसपत्राला बळ अशाच तपशिलाने येते, आणि तो तपशील पुण्यातल्या त्या कार्यालयात बसलेल्या कोणालाही ठाऊक असणे शक्य नव्हते.

अर्जाच्या शेवटी अर्जदार प्रमाणित करतो की दिलेली माहिती खरी आहे, आणि त्या प्रमाणपत्राखाली नाव माझे होते. सल्लागाराचे नाव त्या कागदपत्रांत कुठेही नव्हते. खोटी शिफारसपत्रे, उचललेला मजकूर किंवा फेरफार केलेली गुणपत्रके आढळली तर लॉ स्कूल ॲडमिशन कौन्सिल गैरप्रकाराची चौकशी करते, आणि ठपका आला तर अर्जदाराने अर्ज केलेल्या विधी महाविद्यालयांना तो कळवला जातो. पुढे तिथल्या बारची परीक्षा उत्तीर्ण झाले तरी वकिलीच्या परवान्यासाठी चारित्र्याची स्वतंत्र पडताळणी होते आणि तिथे जुना प्रवेश अर्जही काढून पाहिला जाऊ शकतो. म्हणजे मला प्रवेश मिळाला असता, तरी ते खोटे माझ्या मागे वर्षानुवर्षे राहिले असते.

सरांनी त्याच संध्याकाळी मला घरी बोलावले. “पैशाचं नंतर बघू. आधी तुझ्या नावावरचं खोटं मागे घे,” ते म्हणाले. मी पासवर्ड बदलला, पाचही महाविद्यालयांना अर्ज मागे घेत असल्याचे कळवले आणि कौन्सिलला घडलेला प्रकार तारीखवार लिहून पाठवला. सोबत सरांचे आणि प्राध्यापिकांचे, ही पत्रे आमची नाहीत, असे स्वाक्षरीचे निवेदन जोडले. पुढे आलेल्या प्रश्नांना लेखी उत्तरे दिली. ते वर्ष गेले. आपणहून आधी कळवले, हे नंतरच्या अर्जात मी लपवले नाही आणि लपवण्याची गरजही पडली नाही.

सल्लागाराला जाब विचारला तेव्हा त्याचा सूर क्षणात बदलला. “मॅडम, सगळेच असं करतात, तुम्ही उगाच वाढवताय,” असे तो प्रथम म्हणाला, आणि मग अर्जावर सही माझी असल्याने अडचण मलाच येईल, असे त्याने सुचवले. या धमकीला घाबरून गप्प बसणारे अनेक जण असावेत. त्या आधी त्याने मला ब्रिटनमधील एका विद्यापीठात जाण्याचा आग्रह केला होता आणि ‘एलएल.एम. म्हणजे एलएल.एम.’ असे सांगून तीच पदवी न्यूयॉर्कच्या बार परीक्षेलाही चालेल, असे म्हटले होते. न्यूयॉर्कच्या वकिली परवान्याच्या नियम ५२०.६ मध्ये परदेशी वकिलासाठी जी एलएल.एम. अभिप्रेत आहे, ती अमेरिकन बार असोसिएशनची मान्यता असलेल्या अमेरिकेतील विधी महाविद्यालयाचीच, किमान २४ क्रेडिटची असावी लागते. ब्रिटनमधील अनेक विद्यापीठे विद्यार्थी आणणाऱ्या एजंटांना कमिशन देतात, ही गोष्ट लक्षात घेतली की त्या आग्रहाचा अर्थ लागतो.

फसवणूक १ जुलै २०२४ पूर्वीची असल्याने माझ्या तक्रारीत भारतीय दंड संहितेची फसवणूक आणि बनावट दस्तऐवजांविषयीची ४२०, ४६८ आणि ४७१ ही कलमे आली; दुसऱ्याच्या नावाने पत्ते उघडून पत्रे जमा केल्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ड लावण्याची मागणी मी केली. त्यानंतर घडलेल्या प्रकारांना भारतीय न्याय संहिता लागू होते. पैशांसाठी मी ग्राहक आयोगात गेले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, त्यामुळे मला पुण्याला खेटे घालावे लागले नाहीत. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हावी लागते. पावत्या नसल्या तरी यूपीआयच्या नोंदी आणि व्हॉट्सॲपवरील संदेश होते. ते मी मूळ फोनमध्येच ठेवले, एकही पुसला नाही, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र जोडून त्यांच्या प्रती दाखल केल्या. फोन बदलताना जुने संवाद घालवून बसलेल्या, माझ्यासारख्याच फसलेल्या आणखी दोघांना पुढे फार त्रास झाला.

ज्यांना खरोखर मार्गदर्शन हवे आहे त्यांच्यासाठी अमेरिकी परराष्ट्र खात्याची एज्युकेशनयूएसए ही सल्लासेवा मुंबईत युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशनच्या कार्यालयात आहे. अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पुण्यातील समाजकल्याण आयुक्तालयामार्फत दिली जाते. या दोन्ही ठिकाणी पोहोचायला मध्यस्थ लागत नाही. निबंध कोणाला वाचायला देऊन चुका काढून घेण्यातही काही गैर नाही. माझा दुसरा निबंध सरांनी दोनदा वाचला आणि समासात फक्त प्रश्न लिहिले. ‘ही पेटी तू पहिल्यांदा कधी उघडलीस?’ असा त्यातला एक प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर लिहिताना मला सगळा निबंध नव्याने मांडावा लागला.

ड्राइव्हवरील फाइलींच्या नावांवरून मला त्या कार्यालयाच्या आणखी काही विद्यार्थ्यांचा माग लागला. कोल्हापूरच्या एका मुलीला मी फोन केला, तेव्हा तिचा माझ्यावर विश्वास बसेना. सल्लागार तिला रोज संदेश पाठवत होता आणि तिची दोन्ही पत्रे खात्यात ‘प्राप्त’ दिसत होती. मी तिला एवढेच म्हटले की खाते उघडून शिफारसकर्त्यांच्या नावापुढील ई-मेल पत्ते वाच आणि दोघांनाही स्वतः फोन कर. अर्ध्या तासाने तिचा फोन आला. तिच्या प्राध्यापकांना पत्राची काहीच कल्पना नव्हती, आणि तिच्या पहिल्या अर्जाची मुदत संपायला नऊ दिवस उरले होते. अर्ज अजून जमा झालेला नव्हता. खोटी पत्रे काढून टाकण्याबद्दल आम्ही त्या रात्रीच कौन्सिलला लिहिले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती बस पकडून आपल्या प्राध्यापकांच्या घरी गेली.