व्यालेल्या संकरित गाईंसाठी किटोन मीटर: वापरल्यानंतरचं मत

आधी निकाल सांगतो मग कारणं. गोठ्यात जास्त दुधाच्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) क्रॉस, जर्सी क्रॉस गाई असतील आणि वर्षभर कुठली ना कुठली गाय वीतच असेल तर रक्तातलं किटोन मोजायचं हे हातात मावणारं मीटर नक्की घ्या. एक-दोनच गाई असतील तर घाई नको, लघवीच्या पट्टीवर भागतं. माझ्याकडून ५ पैकी ४ स्टार. जो एक कापलाय तो मशीनचा नाही, पट्ट्यांचा, त्याबद्दल पुढे लिहितो.

मशीन म्हणजे माणसांची शुगर बघायचं असतं तसंच, पट्टी खोचायची, रक्ताचा थेंब लावायचा, काही सेकंदात आकडा. तो आकडा बीएचबीचा असतो, म्हणजे बीटा हायड्रॉक्सी ब्युटिरेट, किटोसिसमध्ये रक्तात वाढणारं मुख्य किटोन. किटोसिस म्हणजे खाणं कमी पडून गाय अंगावरची चरबी जास्त वितळवते आणि रक्तात किटोन साचतात तो आजार. गाईंसाठी वेगळी मीटरं मिळतात आणि माणसांसाठी बनलेली काही मीटरंसुद्धा गाईच्या रक्तावर चांगली चालतात, त्यांचा अभ्यासही झालेला आहे. पण एक लक्षात ठेवा, काही मशीनमध्ये शुगरची आणि किटोनची अशा दोन्ही पट्ट्या बसतात आणि पाकिटं दिसायला सारखीच असतात, घाईत भलतीच पट्टी लागते. आणि माणसाच्या मशीनवरचा शुगरचा आकडा गाईच्या बाबतीत मी धरत नाही, किटोनचा धरतो.

आता हे लागतं कशाला. गाय व्यायच्या आधीच्या शेवटच्या आठवड्यांत खाणं कमी करते, ते जवळपास तीस टक्क्यांनी घटतं, आणि व्याल्यावर दूध मात्र भराभर वाढतं. दुधातली साखर बनवायला कास रक्तातलं ग्लुकोज ओढून घेते आणि खाण्यातून तेवढं येत नाही, मग गाय अंगावरची चरबी वितळवायला लागते. थोडी वितळली तर चालतंच, प्रत्येक गाय ते करते, पण एकदम जास्त आली की यकृताला ती पूर्ण जाळता येत नाही, काही यकृतातच साचते आणि काहीचे किटोन होतात. संकरित गाईत दुधाची ताकद विदेशी रक्ताची असते आणि खुराक बऱ्याच गोठ्यांत अजून जुन्या अंदाजानेच पडतो, त्यामुळे ही दरी अजून रुंद होते.

आणि मुख्य अडचण ही की सुरुवातीला दिसत काहीच नाही. गाय उभी असते, रवंथ करते, दूध देते, फक्त खुराक थोडा शिल्लक ठेवते आणि वैरण ओढते. हे लक्षण फार कामाचं आहे, किटोसिसची गाय आधी खुराक सोडते आणि वैरण नंतर. तोंडाला गोडसर वास येतो म्हणतात पण तो सगळ्यांच्या नाकाला कळत नाही, काही माणसांना तो अजिबातच येत नाही, त्यामुळे वासावर बसू नका. आमच्याकडे तिसऱ्या वेताची एक एचएफ क्रॉस अशीच, दूध ठीक, फक्त खुराक उरत होता, मीटरवर २.१ आलं, डॉक्टरांनी तपासलं तर गर्भाशयात इन्फेक्शन निघालं आणि खाणं त्याच्यामुळे तुटलेलं. नुसती साखर चढवली असती तर मूळ दुखणं तसंच राहिलं असतं. म्हणून आकडा वाढलेला दिसला की वार पडली का, कासेला सूज आहे का, ताप आहे का, लंगडतेय का, पोट सरकलंय का हे बघायलाच लागतं.

आकडे असे धरायचे: १.२ मिलीमोल प्रति लिटरच्या खाली ठीक, १.२ पासून पुढे छुपा किटोसिस (काही डॉक्टर १.४ धरतात) आणि ३ च्या पुढे गेलं की बहुतेक वेळा लक्षणं दिसायला लागतात. तपासायचं कधी, तर व्याल्यानंतर ३ ते १४ दिवसांत, जास्त केसेस पाचव्या दिवसाच्या आसपास सुरू होतात. गाय सुस्तावल्यावर मीटर काढलं तर पैसे वाया, तेव्हा काय झालंय ते डोळ्यांनाही दिसतं. धडधाकट दिसणारी गाय तपासण्यातच याची खरी किंमत आहे. वेळ रोज तीच ठेवा, वैरण-खुराक टाकल्यानंतर चार-पाच तासांनी आकडा सगळ्यात वर असतो, एक दिवस सकाळी आणि एक दिवस रात्री घेतलं तर तुलना होत नाही.

रक्त शेपटीच्या खालच्या शिरेतून घ्या. पोटाखाली ती जाड दुधाची शीर दिसते आणि मोह होतो, पण तिथून घेऊ नका, कास स्वतः बीएचबी वापरते त्यामुळे तिथून परत निघालेल्या रक्तात आकडा कमी येतो आणि आजारी गाय चांगली वाटते.  शेपटीतून काढायचं पहिल्यांदा डॉक्टरांकडून समोर बघून शिका, अवघड नाही, गाय बांधलेली आणि शांत असली की एक माणूस करतो.

पट्ट्यांचं सांगायचं तर उष्णता आणि दमट हवा त्यांना सोसत नाही. गोठ्यातल्या फळीवर डबा ठेवला की आकड्यांचा भरवसा गेला. पाकीट फोडलं की लगेच वापरायची, थेंब कमी पडला की एरर येतो आणि पट्टी गेली. खरा खर्च मीटरचा नाहीच, पट्ट्यांचा आहे, आणि त्या वेळेवर मिळतील याची खात्री करूनच मशीन निवडा.

लघवीची पट्टी स्वस्त आहे, ती अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट मोजते, पण गाईने लघवी करायला हवी, योनीखाली हाताने चोळलं तर काही गाई करतात आणि काही करत नाहीत, शिवाय जांभळा रंग किती गडद यावर दोघांचं एकमत होत नाही. किटोन बघायची रोथेराची चाचणी दवाखान्यात होते, तीही रंगाचीच.

१.२ च्या वर आल्यावर आमचे डॉक्टर प्रॉपिलीन ग्लायकॉल देतात (पाजायचं औषध, त्यापासून गाईचं यकृत ग्लुकोज बनवतं), दिवसातून एकदा साधारण ३०० मिली, तीन ते पाच दिवस, हळूहळू पाजायचं, ठसका लागला तर फुप्फुसात जातं. जास्त दिलं तर गाय गुंगल्यासारखी होते, झोकांड्या देते, त्यामुळे लवकर बरी होईल म्हणून डोस दुप्पट करू नका. शिरेतून डेक्स्ट्रोज (ग्लुकोज) देणं डॉक्टरांचंच काम, त्याने साखर काही तासच वर राहते, सोबत पाजायचं औषध लागतंच.

हे मीटर कॅल्शियम दाखवत नाही हे मात्र नीट समजून घ्या. व्याल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत गाय बसली, कान गार, मान पोटाकडे वळवलेली, तर मीटर शोधत बसू नका, मिल्क फिव्हर (रक्तातलं कॅल्शियम घसरून होणारा आजार) असू शकतो, डॉक्टरांना लगेच फोन करा, तिसऱ्या वेतापासून पुढे तो धोका वाढत जातो. व्यायच्या आधी मिल्क फिव्हर टाळायला अ‍ॅनायोनिक मीठ देत असाल तर त्याची तपासणी लघवीच्या पीएचने होते, एचएफला साधारण ६ ते ६.८, जर्सीला थोडा अजून खाली, ती पट्टी वेगळी घ्यायला लागते.

ज्यांचा गोठा मोठा आहे त्यांनी नुकत्या व्यालेल्या बारा-एक गाई एकदम तपासा. दहा टक्क्यांपेक्षा जास्त गाई १.२ च्या वर निघाल्या तर दोष त्या गाईंचा नाही, भाकडकाळातल्या खाण्याचा आहे. तेव्हा व्यायच्या वेळी गाई फार लठ्ठ आहेत का बघा, अंगावरची चरबी बघून देतात त्या १ ते ५ च्या मापात ३.२५ ते ३.५ बरं, ४ ची गाय व्याल्यावर खाणं जास्त तोडते आणि चरबीही जास्त सोडते. पण भाकडकाळातच गाय बारीक करायला जाऊ नका, त्यानेच यकृतावर चरबी चढते, वजन गाय आटवायच्या आधी, ती दुधात असतानाच सांभाळायचं.

घेताना पट्ट्यांची एक्सपायरी स्वतः वाचा, आणि येत्या दोन-तीन महिन्यांत किती गाई विणार आहेत तेवढ्याच पट्ट्या घ्या, मोठं पाकीट स्वस्त दिसतं पण अर्धं मुदत संपून पडतं.