ग्राउंड स्क्रू: लांबवाला घ्या, आखूडवाल्याच्या नादी लागू नका

जमीन गोठते तिथे कुंपणाचे खांब दर हिवाळ्यात थोडे थोडे वर येतात, एक जास्त एक कमी, की झाली रांग वाकडी. म्हणून काँक्रीट न ओतता हे जमिनीत पिळून बसवायचे गॅल्व्हनाइज्ड स्क्रू घेतले, दोन्ही लांबीचे. लांबवाले जागचे हललेले नाहीत. आखूडवाले सरळ वर आलेत.

का ते सांगतो, कारण बॉक्सवर ह्यातलं काहीच लिहिलेलं नाही. पाणी गोठलं की साधारण 9 टक्के फुगतं हे सगळ्यांना माहितीये, पण माती उचलली जाते ती मुख्यतः त्याने नाही. गोठणारा थर खालच्या ओल्या मातीतलं पाणी वर खेचत राहतो, त्याचे बर्फाचे आडवे पापुद्रे बनतात, ते जाड होत जातात आणि वरची सगळी माती उचलतात. अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ स्टीफन टेबरने 1930 मध्ये छापलेल्या प्रयोगात पाण्याऐवजी बेंझीन वापरलं होतं जे गोठल्यावर उलट आकसतं, तरी माती वर आलीच! (मला हा प्रयोग भारी आवडतो.)

आता खांबाचं काय होतं, तर गोठलेली माती त्याला बाजूंनी घट्ट पकडते आणि वर जाताना सोबत ओढते, खाली पोकळी राहते, त्यात माती घसरते, मग बर्फ वितळला तरी खांबाला परत खाली जायला जागाच उरत नाही. शेतातले दगड वर येतात तेही बरेचसे असेच.

लांब मॉडेलचा दांडा गुळगुळीत आहे आणि पातं फक्त तळाशी, म्हणजे बर्फाला पकडायला फारसं काही नाही आणि पातं न गोठणाऱ्या मातीत रुतलेलं. आखूडला वरपासून खालपर्यंत आटे आणि अख्खा स्क्रू गोठणाऱ्या थरात, मग तो वर येणारच ना! त्यावर ‘कुठल्याही जमिनीसाठी’ छापणं म्हणजे कमालच आहे. गाळाच्या बारीक मातीत तर बिलकुल नको, ती पाणी सगळ्यात जोरात खेचते. जाड वाळूत एकवेळ चालेल.

लांबला पाचपैकी चार, आखूडला एक. लांबचा एक कटवलेला कारण गोट्यांच्या जमिनीत तो तिरका जातो, तिथे आधी गिरमिटाने भोक पाडून घ्या.