धरमपेठेतलं क्लिनिक: मॅडम छान, वेटिंग रूम नाही

वय 41. नागपूरच्या बर्डी बाजारातल्या गर्दीत डोकं भणभणतं, लग्नाच्या पंगतीतून मी गच्चीवर पळतो. घरचे म्हणतात, घुम्या आहे. ऑटिझम असेल का, ही शंका घेऊन गेलो. ऑटिझमची लक्षणं किती, हे जोखणारी 2001 सालची 50 प्रश्नांची एक्यू चाचणी भरली. 32 च्या वर, म्हणजे शंकेच्या रेषेपलीकडे गेलो. मॅडम म्हणाल्या, हा आकडा म्हणजे निदान नव्हे, लहानपण सांगायला आईला आणा. आई सुरूच झाली, "बाप्पा, हा तर रेल्वेचं टाइमटेबल पाठ म्हणत बसे, पोट्टे खेळाले बोलावत तरी जाय नाही!" मॅडमनी दीड तास घाई न करता ऐकलं, तेच खरं आवडलं.

पण वेटिंग रूममध्ये टीव्ही ठणाणा, वर लुकलुकणारी ट्यूबलाइट. आमच्यासारख्यांसाठी? मी जिन्यात बसलो. रिपोर्ट यायचाय. चार स्टार.