फूड इन्स्पेक्टर म्हणून आला आणि 21,500 रुपये घेऊन गेला

लातूरला ट्यूशन एरियाच्या मागं आमची मेस आहे, मी आणि मिस्टर चालवतो, साठेक लेकरं जेवतात, बहुतेक नीटची तयारी करणारी, नांदेड-परभणीकडची. 2023 च्या जुलैत आमच्यासोबत झालेलं आता लिहायलेय कारण काल शेजारच्या गल्लीतल्या नाष्टा सेंटरवाल्या दादाला पण तसाच फोन आलाय.

दुपारी दीडला, ऐन गर्दीत दोघं आले. गळ्यात आयकार्ड, बाहेर पांढरी गाडी, काचेवर महाराष्ट्र शासन. थेट किचनमध्ये घुसले आणि मोबाईलवर शूटिंग चालू. त्यातला एक म्हणला, मी फूड इन्स्पेक्टर, पालकांची कंप्लेंट आहे, एका मुलाला तुमच्याकडं जेवून उलट्या झाल्यात. माझे तर हातपायच गळाले. आणि खरं सांगते, त्यांनी जे बोट ठेवून दाखवलं ते खोटं नव्हतं. पाण्याचा ड्रम उघडा. लातूरचं पाणी सगळ्यांना माहितीय, 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं गाव हे, साठवल्याशिवाय मेस चालतच नाही, पण झाकण दोन महिन्यांपासून तुटलेलं होतं आणि ती चूक माझीच. शेगडीखाली झुरळं, कढईत सकाळच्या भज्यांचं काळं पडलेलं तेल, पोळ्या लाटणाऱ्या ताईंच्या कापलेल्या बोटाला नुसती चिंधी.

तिथंच आम्ही गप्प झालो. तो म्हणला अन्न सुरक्षा कायद्याचं कलम 56, 1 लाखापर्यंत दंड, आजच सील ठोकतो, उद्या पेपरात नाव. लेकरं ताटं धरून बघायलेली. मिस्टर म्हणले साहेब, काहीतरी मार्ग काढा, मग गाडीपाशी नेऊन 18,000 वर आला, ऑन द स्पॉट दंड म्हणे. स्कॅनरवर कुणाचंतरी खाजगी नाव आलं, विचारलं तर ऑफिसचा क्लार्क आहे, पावती उद्या मिळेल. वरून 3,500 घेऊन लॅमिनेशन केलेलं एक हायजीन सर्टिफिकेट दिलं. ते मी काउंटरमागं भिंतीला लावलं, चार पालकांना दाखवलं सुद्धा, आणि ड्रमचं झाकण तसंच तुटकं. पैशापेक्षा ह्याचं मला जास्त वाईट वाटतं.

वरणाचं सॅम्पल पण नेलं होतं, साध्या कॅरीबॅगला गाठ मारून. चौथ्या दिवशी फोन, रिपोर्ट फेल आलाय, 12,000 टाका नाहीतर केस. माझा भाचा मेडिकलवर असतो, त्यांच्याकडं पण हेच खातं तपासणीला येतं, तो म्हणला मावशी एक रुपया देऊ नका, आधी अन्न व औषध प्रशासनाच्या ऑफिसला चला.

तिथल्या मॅडमनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की ह्या नावाचा माणूसच आमच्याकडं नाही. फूड इन्स्पेक्टर हे जुन्या कायद्यातलं नाव, 2006 चा अन्न सुरक्षा कायदा 2011 ला लागू झाला तेव्हापासून पद अन्न सुरक्षा अधिकारी. सॅम्पल घेतलं तर लेखी नोटीस देतात, साक्षीदार बोलावतात, चार भाग करून सीलबंद करतात आणि त्या पदार्थाचे पैसे उलट तेच आपल्याला देतात!! लॅबचा रिपोर्ट 14 दिवसांत, विरोधात गेला तर 30 दिवस अपिलाला. अस्वच्छता सापडली तर सुधारणा नोटीस येते मुदतीसकट, आणि दंड लावायचाच तर रीतसर सुनावणी होते, गाडीपाशी उभं राहून नाही.

मग पोलिसात तक्रार दिली, 1930 ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला पण फोन केला, पण पाच दिवस उलटले होते, त्या खात्यात काहीच राहिलं नव्हतं. हा फोन त्याच दुपारी करायला पाहिजे होता, लवकर कळवलं तर रक्कम अडवता येऊ शकते. गाडीचा नंबर सुद्धा आम्ही लिहून घेतला नव्हता.

सर्टिफिकेट काढलं आणि ज्या पालकांना दाखवलं होतं त्या चौघांना फोन करून खरं सांगितलं, एकानं मुलगा काढून नेला. झाकणाचे नवे ड्रम आणले, झुरळांचं औषध मारून घेतलं, तळलेलं तेल दुसऱ्यांदा कढईत जात नाही, ताईंची मेडिकल तपासणी केली. अन्न व्यवसायाची नोंदणी आमची आधीपासून होती, वर्षाला 100 रुपयेवाली, तो 14 आकडी नंबर आता दारात मोठ्या अक्षरात लावलाय.

नाष्टा सेंटरवाल्या दादाला पण 15,000 मागितलेत, आज संध्याकाळपर्यंत टाका म्हणून. त्यांच्या मोरीजवळ पण घाण आहे, म्हणून ते घाबरलेत. मी म्हणलं दादा, मोरी आज धुऊन काढू, पैसे टाकू नका. 1800222365 हा खात्याचा टोल फ्री नंबर त्यांना दिलाय आणि उद्या साडेदहाला आम्ही दोघं ऑफिसला जाणार आहोत.