मेलोट्रॉन एम४००: नव्या टेपा बसवल्या, पुढे काय?

मेलोट्रॉन म्हणजे टेपांवर रेकॉर्ड केलेले आवाज पट्ट्या दाबून वाजवायचं वाद्य. नव्या टेपा टाकल्या की जुना मेलोट्रॉन नव्यासारखा वाजतो, असं सांगणारे खूप भेटतात. माझ्या एम४०० या मॉडेलमधला टेपांचा अख्खा संच बदलून आता बरेच महिने झालेत, वाद्य जवळजवळ रोज वाजतंय, आणि मला विचाराल तर हे म्हणणं निम्मंच खरं. टेपेतला दोष टेप बदलून जातो. यंत्रातला दोष जागच्या जागी राहतो, उलट आता तो जास्त स्पष्ट ऐकू येतो. आणि मूळ रेकॉर्डिंगमध्येच जे वाकडं आहे, त्याला इलाज नाही.

हे वाद्य आतून न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. बर्मिंगहॅमच्या ब्रॅडली बंधूंनी १९६३ मध्ये पहिला मेलोट्रॉन काढला. कल्पना मूळची अमेरिकेतल्या हॅरी चेंबरलिनची; त्याचाच विक्रेता त्याची वाद्यं घेऊन परस्पर इंग्लंडला पोचला होता, पण तो किस्सा पुन्हा कधीतरी. एम४०० आला १९७० मध्ये. त्याला ३५ पट्ट्या, पांढरी पाचपासून वरच्या पांढरी चारपर्यंत, म्हणजे तीन सप्तकांना एक सूर कमी. प्रत्येक पट्टीखाली तिची स्वतःची टेप, ३/८ इंच रुंद, तिच्यावर शेजारी शेजारी तीन ट्रॅक. खाली सतत फिरणारा एक लांब दांडा. पट्टी दाबली की रोलर टेपेला त्या दांड्यावर दाबतो आणि फेल्टचं पॅड तिला हेडवर, म्हणजे टेपेवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, टेकवतं. पट्टी सोडली की स्प्रिंग टेप मागे ओढून घेते. सेकंदाला ७.५ इंच वेग, साधारण आठ सेकंद सूर, आणि मग काहीच नाही. एका पेटीत ३५ टेपरेकॉर्डर बसवल्यासारखंच हे प्रकरण आहे, त्यामुळे ते बिघडतंही ३५ तऱ्हांनी.

माझ्या जुन्या टेपांची अवस्था सांगतो. हेडवर कापूस फिरवला की तपकिरी भुकटी निघायची. मधल्या सप्तकातल्या टेपा, ज्या सगळ्यात जास्त वाजतात, कडेने मुरडल्या होत्या. पॅड मधोमध दाब देतं, पण कड हेडपासून उचललेली, त्यामुळे कडेच्या ट्रॅकवरचा आवाज रजईखालून आल्यासारखा. व्हायोलिनचा गज तारेला लागतो तो पहिला खरखरीत क्षण पूर्ण गायब होता. मेलोट्रॉनची सगळी गंमत तिथेच असते, कारण टेपेची गोल लूप नसते. दर वेळी सूर अगदी सुरुवातीपासून वाजतो.

ही रुंदी बाजारात सहज मिळणारी नाही, त्यामुळे कॅसेटची किंवा पाव इंची टेप घालून भागत नाही. सुदैवाने इंग्लंडमध्ये स्ट्रीटली इलेक्ट्रॉनिक्स अजून मूळ मास्टरवरून, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगवरून, संच काढून देतं. तिन्ही ट्रॅकवर कोणते आवाज हवेत ते आपण ठरवायचं. मी तीन व्हायोलिन, बासरी आणि आठ जणांचा कोरस घेतला. कारखान्यातून पूर्वी चेलो येत असे; त्याच्या जागी कोरस घेतल्याचं मला अजून समाधान आहे.

बसवण्याचं काम वाटतं तितकं भीतीदायक नाही. एम४०० मध्ये सगळ्या टेपा एका फ्रेमवर असतात आणि ती फ्रेम अख्खी बाहेर निघते. टेबलावर उजेडात ठेवून एकेक जुनी काढायची आणि लगेच त्याच जागी नवी लावायची. सगळ्या एकदम काढू नका. चुंबकीय बाजू खाली, हेडकडे, हे प्रत्येक टेपेला तपासायचं. पीळ पडला असेल तर तो फ्रेमच्या खालच्या वळणावर दिसतो, वरून नाही. फ्रेम बाहेर आहे तोवर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या आणि डीमॅग्नेटाइझ करा, म्हणजे त्यात साठलेलं चुंबकत्व काढून टाका, नाहीतर पहिल्या दिवसापासून नव्या टेपेवर जुनी घाण.

खरा वेळ गेला तो पुढे, पट्ट्या लावण्यात. प्रत्येक पट्टीला दोन स्क्रू असतात, एक पॅडच्या दाबाचा, एक रोलरच्या पकडीचा. रोलर ढिला असेल तर टेप दांड्यावर घसरते आणि सूर डुगडुगतो. पॅड ढिलं असेल तर आवाजातला तजेला जातो. ते जास्त आवळलं तर टेपेला ब्रेक लागतो आणि सूर उतरतो. म्हणजे पॅडने जे बिघडवलं ते रोलरने सावरावं लागतं, आणि दोन्ही आवळत गेलात तर मोटरवर ताण येतो. जुन्या टेपांवर आधीच्या कुणीतरी आवाज उजळ करायला सगळी पॅडं करकचून आवळली होती. नव्या टेपेला त्याची गरज नव्हती. पहिल्याच संध्याकाळी वरच्या अर्ध्या पट्ट्या बेसूर ऐकून टेपांवर शंका घ्यावी असं कुणालाही वाटलं असतं. स्क्रू पाव फेरा सोडला आणि सूर जागेवर आला. एकदा पाव फेरा, मग पूर्ण आठ सेकंद ऐकायचं, टेप मागे जाऊ द्यायची, पुन्हा. घाई करून चालत नाही.

सुरुवातीच्या काही आठवड्यांत टेपा थोड्या ताठ होत्या. दोन-तीन पट्ट्यांवर टेप पूर्ण मागे यायला किंचित वेळ लागायचा आणि तोच सूर लगेच पुन्हा दाबला तर तो मधूनच सुरू व्हायचा. वापराने हे आपोआप गेलं. एक पट्टी मात्र हट्टी निघाली. तिची स्प्रिंगच थकलेली होती, टेपेचा काही संबंध नव्हता. लावलेल्या पट्ट्या पहिल्या महिन्यानंतर पुन्हा एकदा तपासाव्या लागल्या, त्यानंतर फारसा हात लावलेला नाही.

आता आवाज. बासरी सगळ्यात जास्त सुधारली. फुंकेचा श्वास परत आला. कोरस दाट आणि उघडा वाजतो. व्हायोलिनबद्दल मात्र अपेक्षा बेताच्या ठेवा. प्रत्येक सूर वेगळा वाजवून रेकॉर्ड केलेला आहे, म्हणून शेजारच्या दोन सुरांचा जोर, कंप, सूर लावण्याची तऱ्हा जुळत नाही. एखादा सूर शेवटाकडे किंचित उतरतो. हे मास्टरवरच आहे, नवा संचही ते जसंच्या तसं देतो. पूर्वी मी याचा दोष झिजलेल्या टेपांना द्यायचो. आता स्वच्छ ऐकू येतं, आणि हे आवडत नसेल तर हे वाद्यच तुमच्यासाठी नाही.

सहा-सात पट्ट्या एकदम दाबल्या की सगळाच सूर जरा खाली बसतो. त्याला नव्या टेपांनी काडीचा फरक पडला नाही. तो मोटरचा आणि तिच्या नियंत्रक बोर्डाचा प्रश्न. जुन्या एम४०० मधला सीएमसी-१० बोर्ड या बाबतीत बदनामच आहे. तुमचा सूर चार पट्ट्यांवरच ढासळत असेल तर टेपांचा खर्च पुढे ढकला आणि आधी बोर्ड बघा.

डिजिटल मेलोट्रॉन आहेत, चांगले आहेत, उचलायला हलके आहेत. मंचावर मीही तोच नेईन. पण घरात रेकॉर्डिंग करताना आठ सेकंद संपायच्या आत दुसऱ्या बोटावर जाण्याची जी सवय लागते, तिने चाल वेगळी सुचते.

पुन्हा संच घ्यायची वेळ आली तर पॅडचं नवं फेल्ट त्याच मागणीत मागवीन. जुन्या फेल्टवर हेडच्या आकाराची खाच पडलेली असते, आणि नवी टेप त्या खाचेतून चालवणं म्हणजे अर्धे पैसे वाया. वरच्या चार पट्ट्यांची पॅडं मी अलीकडेच बदलली. तिथली बासरी आता कुठे मधल्या सप्तकाशी जुळायला लागली आहे. बाकीची ३१ व्हायची आहेत.