तुर्भ्याचे आयकिया : खोक्यावरचे नाव वाचताना

नवी मुंबईतल्या तुर्भे रेल्वे स्थानकाजवळचे आयकिया या स्वीडिश फर्निचर कंपनीचे दुकान १८ डिसेंबर २०२० रोजी सुरू झाले. एकाच ब्रँडच्या किरकोळ विक्रीत १०० टक्के थेट परकीय गुंतवणुकीला २०१२ मध्ये मुभा मिळाली नसती, तर ते आजच्या स्वरूपात उभे राहिले नसते. त्यामुळे कपाट घ्यायला गेलो, तरी या गुंतवणुकीतून इथल्या कारखान्यांना काम मिळते का, हे पाहण्यासाठी खोकी उलटीसुलटी करून माल कुठला आहे ते वाचण्याचा मोह आवरला नाही.

दुकान म्हणून तक्रारीला जागा नाही. मांडून ठेवलेल्या खोल्यांतले खण ओढून, सोफ्यावर बसून पाहता येते आणि मागे कोणी विक्रेता लागत नाही. कपाट घरी आणून एल-कीने जोडायला आम्हा दोघांना दीड तास लागला. पूर्वी सुताराची वाट पाहण्यात गेलेल्या आठवड्यांपुढे तो काहीच नाही.

मी घेतलेल्या गालिच्यावर भारताचे नाव होते, कपाटाच्या खोक्यावर मात्र परदेशाचे. दुकाने उघडण्याच्या कितीतरी आधीपासून ही कंपनी भारतातून कापड आणि गालिचे घेत आली आहे. परकीय भांडवल ५१ टक्क्यांहून अधिक असल्यास ३० टक्के खरेदी देशातून करण्याची अट आहे. २०१९ पासून निर्यातीसाठी केलेली खरेदीही तीत धरली जाते. म्हणजे गालिच्यांच्या जोरावर अट पुरी होऊ शकते आणि उल्हासनगरच्या फर्निचर बाजाराला एकही मागणी न येता सारे नियमात बसते.

कारखानदारीत चित्र वेगळे दिसले. सुझुकीने २६ टक्के भागभांडवल घेऊन १९८२ मध्ये मारुतीशी करार केला, तेव्हा पहिल्या गाड्यांचे बहुतेक भाग जपानहून येत. पुढे ते इथेच करून घेण्याचा आग्रह धरला गेल्यामुळे गुडगावच्या आसपास सुट्या भागांचे कारखाने वाढले आणि त्यांच्यापैकी अनेकांनी नंतर इतर कंपन्यांनाही माल पुरवला. किरकोळ विक्रीत असा ओघ आपोआप सुरू होत नाही, कारण दुकानाला माल हवा असतो, तो जवळचाच असावा अशी त्याची गरज नसते. शिवाय हजारो नग मिलिमीटरचाही फरक न पडता देणे छोट्या सुतारकामाच्या कारखान्याला यंत्रे आणि खेळते भांडवल यांच्याशिवाय जमणारे नाही, हेही मान्य केले पाहिजे.

ग्राहक म्हणून मी पाचपैकी साडेचार गुण देईन. परकीय गुंतवणुकीचा देशाला होणारा उपयोग पाहता गालिच्याला चार आणि कपाटाला दोन.