सीव्हीडमधून अर्क काढायचाय: गरम पाणी, अल्कोहोल, एन्झाइम, मायक्रोवेव्ह की सीओटू?

सीव्हीडमधले, म्हणजे समुद्री शेवाळातले, गुणकारी घटक काढायचं कुणी मनावर घेतलं की पहिला प्रश्न असतो, कुठली मेथड बेस्ट? माझं म्हणणं असं की हा प्रश्न दुसरा आहे, पहिला प्रश्न म्हणजे तुम्हाला नक्की काढायचंय काय. कारण तपकिरी शेवाळाच्या एकाच पात्यात फ्युकॉइडन (सल्फेट चिकटलेली, साखरेच्या रेणूंची लांब साखळी) असतं, अल्जिनेट (घट्टपणा आणणारा चिकट पदार्थ) असतं, लॅमिनारिन (शेवाळाची साठवणीची साखर) असतं, फ्लोरोटॅनिन (टॅनिनसारखे तुरट घटक) असतात, फ्युकोझँथिन नावाचा केशरी रंग असतो, आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. फ्युकॉइडन पाण्यात विरघळतं पण अल्कोहोल ओतलं की खाली बसतं, फ्युकोझँथिनचं बरोबर उलटं, ते अल्कोहोलमध्ये उतरतं आणि पाण्याला दाद देत नाही. म्हणजे एकासाठी उत्तम असलेली मेथड दुसऱ्यासाठी कुचकामी.

समजा फ्युकॉइडन हवंय. ते १९१३ मध्ये स्वीडनच्या हाराल्ड किलिन यांनी पहिल्यांदा वेगळं केलं आणि गरम पाणी किंवा सौम्य ॲसिड हा रस्ता आजही सगळ्यात जास्त वापरला जातो. वाळवलेली पावडर ६० ते ९० अंशांवर दोन-तीन तास पाण्यात ढवळत ठेवायची, गाळायची, कॅल्शियम क्लोराइड टाकून अल्जिनेट खाली बसवायचं, वरच्या पाण्यात अल्कोहोल ओतलं की फ्युकॉइडन बाहेर येतं. भांडी साधी, खर्च कमी, शिकायला सोपं. पण वेळ खातं, आणि पाण्यात मीठ, मॅनिटॉल (एक साखरेसारखा पदार्थ), आयोडीन असं सगळंच उतरतं. ॲसिड वापरलं की यील्ड, म्हणजे निघालेल्या मालाचं प्रमाण, वाढल्यासारखं दिसतं, मात्र ॲसिड कडक झालं किंवा जास्त वेळ उकळलं तर फ्युकॉइडनची लांब साखळी तुटते आणि तिच्यावरचे सल्फेट गळतात, आणि या रेणूचं बरंचसं काम तर त्या सल्फेटवरच चालतं.

म्हणून यील्डच्या आकड्यावर भाळू नका हे मी अगदी कळकळीने सांगतेय. मी पहिल्यांदा अर्क काढला तेव्हा वजन बघून खूप आनंद झाला होता, दोन दिवसांत पावडर ओलसर होऊन गोळा झाली, मग राखेची टेस्ट (नमुना जाळून मागे किती क्षार उरतात ते बघणं) केली तेव्हा कळलं की त्यात मिठाचा वाटा केवढा मोठा होता. तेव्हापासून मी मेथडची तुलना करताना किती ग्रॅम निघालं एवढंच बघत नाही, त्यात सल्फेट किती, फ्युकोज (फ्युकॉइडनमधली मुख्य साखर) किती, राख किती, रेणूचं वजन किती हे बघते. तुम्हाला कोणी मशीन विकायला आलं आणि फक्त यील्डची टक्केवारी दाखवली तर हे चार आकडे जरूर मागा.

अल्कोहोलचा रस्ता फ्लोरोटॅनिन आणि फ्युकोझँथिनसाठी. फ्लोरोटॅनिनला ५० ते ७० टक्के इथेनॉल-पाण्याचं मिश्रण चांगलं चालतं, फ्युकोझँथिनला पाणी कमी असलेलं कडक इथेनॉल लागतं. उष्णता, उजेड आणि हवा हे तिन्ही फ्युकोझँथिनचे शत्रू, त्यामुळे शेवाळ कडक उन्हात वाळवलं तर अर्क काढायच्या आधीच माल गेलेला असतो, मग मेथड कितीही भारी असो. सावलीत नाहीतर फ्रीझ ड्रायरमध्ये वाळवायचं, अर्क अंधारात ठेवायचा, सॉल्व्हंट (विरघळवणारा द्रव, इथे अल्कोहोल) उडवताना व्हॅक्यूम लावून तापमान कमी ठेवायचं. आगीचा धोका असतो, त्यामुळे जागा, वायरिंग, हवा खेळती ठेवणं यावर आधी खर्च करावा लागतो, तो हिशोबात धरा.

एन्झाइमची मेथड मला मनापासून आवडते पण ती सरसकट सगळ्यांना सुचवणार नाही. सेल्युलेज, प्रोटिएज असे एन्झाइम पेशीची भिंत हळूच सोडवतात, साधारण ५० अंशांवर काम होतं, सॉल्व्हंट नाही, साखळी बरीच शाबूत राहते. अडचण अशी की एन्झाइम महाग, पीएच सांभाळावा लागतो, शेवटी तापवून ते बंद करावे लागतात आणि त्यांचं प्रोटीन अर्कात राहतं ते वेगळं. शिवाय फ्लोरोटॅनिन प्रोटीनला चिकटतात, म्हणजे ज्या शेवाळात ते भरपूर आहेत तिथे एन्झाइमच अर्धा झोपतो, अशा वेळी आधी अल्कोहोलने ते काढून टाकलेलं बरं.

मायक्रोवेव्ह आणि अल्ट्रासाउंड हे दोन्ही वेळ वाचवणारे. मायक्रोवेव्ह पेशीतलं पाणीच तापवतो, तासांचं काम मिनिटांत होतं, पण बंद भांड्यात तापमान १२० अंशांच्या वर सहज जातं आणि साखळी तुटायला लागते. अल्ट्रासाउंडमध्ये बारीक बुडबुडे फुटून भिंत फाटते, थंड ठेवून करता येतं म्हणून नाजूक घटकांसाठी ते मला जास्त पटतं, फक्त प्रोब (लहरी सोडणारी दांडी) लावल्यावर द्रव हळूहळू गरम होतो तेव्हा बर्फाचं भांडं हवंच. लहान बॅचला दोन्ही छान, मोठ्या टाकीत मात्र लहरी सगळीकडे सारख्या पोचत नाहीत.

सुपरक्रिटिकल सीओटू ऐकायला सगळ्यात भारी. ३१ अंश आणि सुमारे ७४ बारच्या वर कार्बन डायऑक्साइड वायूसारखा शिरतो आणि द्रवासारखा विरघळवतो, दाब सोडला की उडून जातो, मागे सॉल्व्हंट शिल्लक नाही. पण तो तेलकट घटकांचा दोस्त आहे. फ्युकॉइडन त्यात येत नाही म्हणजे नाही, आणि फ्युकोझँथिनसाठीही सोबत थोडं इथेनॉल घालावं लागतं. एवढ्या दाबाचं मशीन घ्यायचं तर रंग किंवा लिपिड हाच तुमचा मुख्य माल असला पाहिजे.

खरं तर यातला एकच निवडायची सक्ती नाहीये. मी असते तर आधी थंड इथेनॉलने रंग आणि फ्लोरोटॅनिन काढले असते, उरलेला चोथा वाळवून त्यातूनच ७० अंशांच्या आसपास पाण्याने फ्युकॉइडन, आणि शेवटी धुण्याचा सोडा (सोडियम कार्बोनेट) घालून अल्जिनेट. एकाच मालातून तीन गोष्टी, आणि फ्युकॉइडनही जास्त स्वच्छ निघतं.

आयोडीन आणि आर्सेनिककडे मात्र कुठल्याही मेथडमध्ये दुर्लक्ष नको. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं आणि काही केल्प (मोठी तपकिरी शेवाळं) थोड्याशा पावडरीतच त्याच्या कितीतरी पट देतात. हिजिकी नावाच्या शेवाळात तर घातक प्रकारचं आर्सेनिक इतकं असतं की ब्रिटनच्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीने ते खाऊच नका असं सांगितलंय. पाण्याच्या अर्कात हे दोन्ही उतरतात, म्हणून डायलिसिस किंवा अल्ट्राफिल्ट्रेशनचा (बारीक छिद्रांच्या पडद्यातून लहान रेणू वेगळे करण्याचा) खर्च धरूनच गरम पाण्याला स्वस्त म्हणा. आणि फ्युकॉइडन रक्त गोठण्याच्या क्रियेत थोडंफार हेपारिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधासारखं वागतं, तेव्हा रक्त पातळ करण्याचं औषध चालू असलेल्यांसाठी लेबलवर इशारा हवाच. फायद्यांचे बरेचसे दावे अजून पेशी आणि उंदरांवरच्या प्रयोगांतले आहेत, तेही लेबल लिहिताना लक्षात असू द्या.

मशीन घेण्याआधी एक करा, एकाच दिवशी काढलेलं, एकत्र दळलेलं शेवाळ समान वाट्यांत विभागून प्रत्येक मेथडने काढून बघा. सीझन बदलला की शेवाळातलं फ्युकॉइडनचं प्रमाणच बदलतं, आणि दोन वेगळ्या महिन्यांचा माल घेतला तर तुम्ही मेथडची तुलना करताय की ऋतूची हेच कळणार नाही.